नावं किती ठेवाल?



चतुर्थी झाली, मुंबईकर परतले, घर पुन्हा आम्हा दोघांचं झालं. म्हटलं आता निवांत बसून लिहावं. या खेपेचा विषय कॉम्प्युटरचा आहे. थांबा, पळू नका! ज्या नातेवाईकांना कॉम्प्युटरशी देणंघेणं नाही त्यांनी तर हे जरूर वाचावं, कारण गोष्ट आपल्याच बागेच्या हिशेबाची आहे. आणि जे ब्लॉगर मित्र आयटीत आहेत त्यांनी माझ्या चुका दाखवाव्यात. मी साधा बीए, तोही मराठी माध्यमाचा. शाळेत पस्तीस वर्षं काढली, त्यातली निम्मी गणिताचे तास घेण्यात गेली, कारण गणिताला दुसरं कोणी नसायचं. प्रोग्रॅमिंग शिकलो ते निवृत्तीनंतर, नातवाच्या पुस्तकावरून. तेव्हा अधिकार फारसा नाही. पण मत आहे, आणि ते ठाम आहे.

मत असं की, एकाच जातीच्या दहा-वीस गोष्टी असतील तर त्यांना दहा-वीस नावं देऊ नयेत. त्यांची एक यादी करावी आणि नाव त्या यादीला द्यावं. आणि नावं कमी पडतात म्हणून प्रोग्रॅमकडूनच नवीनवी नावं पाडून घेण्याची जी युक्ती हल्लीची मुलं अभिमानाने दाखवतात, ती तर अजिबात करू नये.

आता हे मला का सुचलं ते सांगतो.

आमची कलमांची बाग सामाईक आहे, हे घरच्यांना माहीत आहेच. इतरांसाठी सांगतो: हापूसची कलमं, थोडे माड, बांधाला रतांबे. बारा समान हिस्से. हंगाम संपला की खत, फवारणी, राखण, मजुरी वजा करून जे उरतं त्याचे बारा भाग व्हायचे. तीस वर्षं हा हिशेब मी वहीत लिहिला. अनुक्रमांक, नाव, हिस्सा, रक्कम, सही. पाच रकाने, बारा ओळी, खाली बेरीज. दोन वर्षांपूर्वी डोळ्यांचं ऑपरेशन झालं आणि वही मी धाकट्या भावाच्या नातवाकडे दिली. तो इंजिनिअरिंगला आहे. त्याने सगळा हिशेब पायथॉन नावाच्या भाषेत बसवला. सगळ्यांच्या मोबाइलवर छान छापील चिठ्ठ्या जाऊ लागल्या. सगळे खूश, मीही खूश.

गेल्या वर्षी आमची चुलत ताई गेली. भावोजी आधीच गेलेले. तिचा हिस्सा तिच्या तीन मुलांत वाटला जाणार, एक मुलगा आणि दोन मुली. म्हणजे बाराव्या भागाचे तीन भाग, प्रत्येकी छत्तिसावा. हिस्सेदार बाराचे चौदा झाले. यंदा निव्वळ रक्कम १,८०,००० रुपये होती. अकरा जणांना १५,००० प्रमाणे १,६५,००० आणि ताईच्या तीन मुलांना प्रत्येकी ५,०००. इतका सोपा हिशेब.

चतुर्थीला ताईची धाकटी मुलगी दर्शनाला आली. सगळ्यांच्या चिठ्ठ्यांची गोष्ट निघाली तेव्हा ती हळूच म्हणाली, "मामा, माका पैशांचा काय नाय. पण माझा नाव खय गेला?"

मंडळी, तिला चिठ्ठी गेलीच नव्हती. तिच्या बहिणीलाही नाही. भावाला मात्र गेली होती. दहा हजार रुपये बँकेत तसेच पडून होते आणि चार महिने कोणाच्या लक्षात आलं नव्हतं. आपल्याकडे जमिनीच्या हिश्शातून मुलींची नावं कशी गळतात हे मी नव्याने सांगायला नको. १९९४ साली महाराष्ट्राने आणि २००५ साली केंद्राने कायदा बदलला, मुलींना मुलांच्या बरोबरीने जन्मतः हक्क मिळाला, २०२० साली सुप्रीम कोर्टाने तो आणखी स्पष्ट केला. एवढं सगळं होऊन आमच्या घरात दोन मुली गळल्या. तिला वाटलं असणार, मामानेही तेच केलं. त्या रात्री मला झोप लागली नाही.

दुसऱ्या दिवशी नातवाला लॅपटॉप घेऊन बसवलं. चूक दहा मिनिटांत सापडली.

त्याने प्रोग्रॅममध्ये प्रत्येक हिस्सेदाराला एक व्हेरिएबल दिलं होतं. व्हेरिएबल म्हणजे नाव चिकटवलेला डबा. नाव पुकारलं की आतली किंमत मिळते. डब्यांची नावं होती हिस्सा१, हिस्सा२, हिस्सा३ अशी हिस्सा१२ पर्यंत. बारा डबे भरायच्या बारा ओळी. बारा चिठ्ठ्या पाठवायच्या बारा ओळी. आणि बेरजेची एक लांबलचक ओळ, त्यात बारा नावं अधिक-अधिक करून मांडलेली. ताई गेल्यावर त्याने सातव्या डब्यात तिच्या मुलाचा छत्तिसावा भाग ठेवला आणि मुलींसाठी हिस्सा१३ व हिस्सा१४ असे दोन डबे नवे केले. डबे भरले. पण चिठ्ठ्यांच्या जागी आणि बेरजेच्या जागी हे दोन डबे घालायचं विसरला. प्रोग्रॅमने तक्रार केली नाही. का करील? त्याच्या दृष्टीने हिस्सा१२ आणि हिस्सा१३ यांचा एकमेकांशी काहीच संबंध नाही. मीठ आणि मोटारसायकल यांचा असेल तेवढाच. नावातला १३ हा आकडा आपल्याला दिसतो, यंत्राला ते नुसतं अक्षर असतं. बारानंतर तेरा येतात हे त्याला कुठून कळणार?

माझ्या वहीत हे घडलं नसतं. मी कोणी मोठा हुशार म्हणून नव्हे. वहीत तेरावं नाव बाराव्याच्या खाली येतं आणि बेरीज त्याच्याही खाली येते, म्हणून. मध्ये आलेली ओळ बेरजेतून वगळायला मुद्दाम प्रयत्न करावा लागतो.

इथवर ठीक होतं. चूक माणसाकडून होते. माझा खरा वाद सुरू झाला तो त्याने केलेल्या दुरुस्तीवरून.

संध्याकाळी तो हसत आला. "आजोबा, आता कितीही हिस्सेदार वाढूंदेत, प्रोग्रॅम आपणच नावां तयार करतलो!" त्याने केलं होतं असं: एक लूप लावलं. लूप म्हणजे तीच कृती पुन्हा पुन्हा, आपल्या पाढ्यांसारखी. प्रत्येक फेरीत 'हिस्सा' हा शब्द घ्यायचा, त्याला फेरीचा आकडा जोडायचा, त्यातून प्रोग्रॅमची एक ओळ अक्षरांत तयार करायची आणि पायथॉनला सांगायचं की ही ओळ आत्ता चालव. या आज्ञेला एक्झेक म्हणतात. झालं, चौदा फेऱ्या, चौदा डबे. मग चिठ्ठ्या काढताना पुन्हा लूप, पुन्हा शब्द आणि आकडा जोडून नाव बनवायचं आणि त्या नावाचा डबा शोधायचा. बेरजेलाही तेच.

मी म्हटलं, हे मोड. तो म्हणाला, "आजोबा, चलता मां? मगे कित्याक बदलूचा?"

चालतं म्हणून सोडून द्यायचं तर तो पहिला प्रोग्रॅमही चालतच होता की! चार महिने चालला. म्हणून आता मुद्दे मांडतो, क्रमाने.

पहिला मुद्दा. नाव बनवायला आकडा लागतो. बनवलेलं नाव परत शोधायलाही आकडाच लागतो. प्रोग्रॅम लिहिताना ते नाव हाताने कुठे लिहिता येत नाही, कारण शेवटी किती डबे होणार हे तेव्हा माहीत नसतं. मग हे मधलं नाव कोणासाठी? माणूस ते वाचत नाही, यंत्राला त्याची गरज नाही. आकडाच हातात आहे तर सरळ यादीला विचारा ना, तुझ्यातला सातवा दे. या यादीलाच अॅरे म्हणतात, पायथॉनमध्ये लिस्ट. एक नाव, आत हव्या तेवढ्या जागा, प्रत्येक जागेला क्रमांक.

आंब्याची पेटी डोळ्यांसमोर आणा. पेटीवर आपण नाव घालतो, पत्ता घालतो. आतल्या प्रत्येक आंब्यावर आंबा१, आंबा२ अशी चिठ्ठी कोणी चिकटवतो का? आणि चिकटवून, वर पेटी न वापरता, आंबे घरभर पसरून ठेवतो का? नातवाने नेमकं हेच केलं होतं.

दुसरा मुद्दा. यादीला स्वतःची लांबी ठाऊक असते. पसरलेल्या डब्यांना ती नसते. नव्या प्रोग्रॅममध्येही १४ हा आकडा तीन ठिकाणी लिहिलेला होता: डबे करताना, चिठ्ठ्या काढताना, बेरीज करताना. पंधरावा हिस्सेदार आला आणि यातली एक जागा बदलायची राहिली, की पुन्हा कोणीतरी विचारणार, माझा नाव खय गेला. तो म्हणाला, मी १४ हा आकडा एका डब्यात ठेवीन. ठेव बापडा. पण तरी मोजदाद एकीकडे आणि माणसं दुसरीकडे राहिली. यादीत माणूस घातला की मोजदाद आपोआप वाढते. आणि यादीवर लूप फिरवायला आकडा लागतच नाही. 'यादीतल्या प्रत्येकासाठी' एवढं म्हटलं की पुरतं. जो यादीत आहे तो सुटत नाही. मला माझ्या भाचीला हेच वचन द्यायचं आहे.

तिसरा मुद्दा जरा आतला आहे, पण मला तो कळला तेव्हा फार मजा वाटली. पायथॉन ही नावं ठेवतो कुठे? एका कोशात. नाव आणि त्यापुढे किंमत, अशी जोडी. त्याला ते डिक्शनरी म्हणतात. म्हणजे नातू समजतो की मी व्हेरिएबल तयार केली. प्रत्यक्षात त्याने एका कोशात चौदा नोंदी घातल्या. फक्त तो कोश त्याचा नाही, साऱ्या प्रोग्रॅमच्या सामाईक नावांचा आहे. अरे, कोशच हवा होता तर स्वतःचा कर! सामाईक विहिरीत आपली भांडी कशाला सोडायची? त्यात फंक्शनच्या आत हा प्रयोग केला तर पायथॉन ३ मध्ये नाव तयार झाल्यासारखं दिसतं आणि पुढच्याच ओळीत ते सापडत नाही. मुलं तासन्‌तास डोकं आपटत बसतात. सी सारख्या भाषेत तर हा मार्गच नाही, कारण तिथे प्रोग्रॅमचं यंत्रभाषेत रूपांतर होतं तेव्हाच नावांचं काम संपलेलं असतं. चालताना उरतात ते फक्त पत्ते.

चौथा मुद्दा धोक्याचा. अक्षरांतून आज्ञा तयार करायची सवय वाईट. शाळेत शिपायाकडे चिठ्ठी दिली तर तो ती वर्गावर पोचवतो. पण चिठ्ठीत जे काही लिहिलं असेल ते करूनच यायचं असं त्याला सांगून ठेवलं, तर? कोणा द्वाड पोराने चिठ्ठीत 'हजेरीपट जाळून टाक' असं लिहिलं की संपलं. एक्झेक हा असा शिपाई आहे. आज त्यात 'हिस्सा' आणि आकडा जातो, उद्या कोणी मोबाइलवरून भरलेलं नाव जाईल, आणि त्या नावात काय लिहिलेलं असेल याचा भरवसा नाही. बाहेरून आलेली माहिती ही माहितीच राहिली पाहिजे, तिची आज्ञा होता कामा नये. पीएचपी नावाच्या भाषेत तर या युक्तीसाठी दोन डॉलरची खूण मुद्दाम ठेवलेली आहे. मॅटलॅबवाल्यांनी मात्र आपल्या मार्गदर्शिकेतच अशी नावं तयार करू नका, अॅरे वापरा, असं बजावून ठेवलंय. बनवणाराच नको म्हणतो तेव्हा ऐकावं.

हे सगळं ऐकून नातवाने एक चांगला प्रश्न विचारला. म्हणाला, "आजोबा, पण नावं असली की वाचायला बरं पडतं ना? तुम्हीच सांगता की पूर्वी आपल्या प्रत्येक कुणग्याला नाव होतं." (मुद्द्याचं बोलायचं झालं की तो मालवणी सोडून शुद्ध बोलतो!)

हे खरं आहे. वडाखालचा, व्हाळाकडचा, तळीचा अशी आमच्या कुणग्यांना नावं होती. शेतात जायचं तर नावच उपयोगाचं. पण सातबारावर काय असतं? सर्व्हे नंबर, हिस्सा नंबर. आणि एका हिश्शाचे मालक वाढले की नाव खालच्या ओळीत चढतं, फेरफाराची नोंद होते. मालक१, मालक२ असे आडवे ठरीव रकाने तिथे आखलेले नसतात, कारण मालक किती होतील हे आधी कोणालाच सांगता येत नाही. कोकणात तर नाहीच नाही! वाढायचं ते खाली, ओळींत. डेटाबेसचं शास्त्र आयबीएमच्या एडगर कॉड यांनी १९७० साली मांडलं, त्यातही ही शिस्त आहे: फोन१, फोन२, फोन३ असे रकाने वाढवत नेऊ नका, ओळी वाढवा.

नाव कुठे द्यावं आणि क्रमांक कुठे, हा प्रश्न काही कॉम्प्युटरने आणलेला नाही. भास्कराचार्यांचा जन्म १११४ चा. त्यांच्या 'बीजगणित' ग्रंथात अज्ञात संख्यांना नावं आहेत. पहिली यावत्तावत्, मग कालक, नीलक, पीतक, लोहितक. म्हणजे काळा, निळा, पिवळा, तांबडा. लिहिताना या, का, नी, पी, लो. किती सुंदर! चार-पाच अज्ञातं असतील तर याहून चांगली सोय नाही. पण पन्नास अज्ञातं आली तर पन्नास रंग कुठून आणणार? युरोपात लाइबनिझने १६९३ साली लोपितालला लिहिलेल्या पत्रात यावर वाट काढली. त्याने समीकरणांतल्या सहगुणकांसाठी अक्षरांऐवजी अंकांच्या जोड्या वापरल्या. पहिला अंक कितवं समीकरण ते सांगतो, दुसरा कितवं अज्ञात ते. वर्गात ओळ कितवी आणि बाक कितवा, तसंच. दोन क्रमांक सांगितले की जागा सापडली.

त्याही आधीचं उदाहरण आपल्या महाराष्ट्रातच दगडावर कोरलेलं आहे. जुन्नरजवळच्या नाणेघाटात सातवाहनांची राणी नागनिका हिचा लेख आहे, सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचा. यज्ञात दिलेल्या दानांचे आकडे त्यात आहेत. तिथे दहाला वेगळं चिन्ह, विसाला वेगळं, शंभराला वेगळं, हजाराला वेगळं. प्रत्येक मोठ्या गोष्टीला नवं नाव द्यावं तसं. संख्या वाढली की नवं चिन्ह शोधा. पुढे आपल्याच लोकांनी स्थानाला किंमत दिली आणि रिकाम्या स्थानासाठी शून्य आणलं. ग्वाल्हेरच्या इसवी सन ८७६ च्या शिलालेखात २७० आणि ५० हे आकडे शून्यासकट कोरलेले आहेत. तेव्हापासून दहा चिन्हांत कितीही मोठी संख्या लिहिता येते. अंक तेच, फक्त जागा कितवी ते बघायचं. अॅरे म्हणजे दुसरं काय आहे? ज्यांच्या पूर्वजांनी जगाला स्थान शिकवलं त्यांच्या पोरांनी पुन्हा नाणेघाटात जाऊन बसावं याचं मला वाईट वाटतं.

कॉम्प्युटरवाल्यांनाही हे पहिल्यापासून माहीत होतं. आयबीएमची फोरट्रान भाषा १९५७ साली आली, तिच्यात अॅरे होताच. आणि यंत्राला तो आवडतो. यादीतल्या जागा स्मृतीत एकापुढे एक, चाळीतल्या खोल्यांसारख्या असतात. पहिल्या खोलीचा पत्ता १००० आणि प्रत्येक खोलीला ८ घरं लागत असतील, तर सातव्या खोलीआधी सहा खोल्या गेल्या, म्हणून पत्ता १००० अधिक ६ गुणिले ८, म्हणजे १०४८. एक गुणाकार, एक बेरीज. शोधाशोध नाही.

इथेच त्या शून्याचं कोडंही सुटतं, ज्यावर मी सुरुवातीला फार चिडलो होतो. पायथॉन, सी, जावा यांत पहिल्या जागेचा क्रमांक शून्य असतो. हजेरीपटावर शून्य क्रमांकाचा मुलगा कधी पाहिलाय का? फोरट्रान आणि मॅटलॅब एकपासून मोजतात, ते मला माणसासारखे वाटतात. पण शून्याच्या बाजूनेही म्हणणं आहे. डच शास्त्रज्ञ डायक्स्ट्रा यांनी १९८२ साली या एका विषयावर छोटं टिपण लिहिलं. क्रमांक म्हणजे 'तू कितवा' असं न समजता 'तुझ्याआधी किती' असं समजा, की भांडण मिटतं. रेशनच्या रांगेत पहिल्याच्या आधी शून्य माणसं असतात. हे कळल्यावर मी चिडायचं सोडलं. मुलं मात्र या शून्याला घाबरून यादीपासून पळतात आणि हिस्सा१ कडे जातात, असा माझा अंदाज आहे.

मग नावं मुळीच नकोत का? हवीत की. एकूण_उत्पन्न, एकूण_खर्च, निव्वळ या तीन वेगळ्या गोष्टी आहेत, त्यांना तीन नावं हवीतच. त्यांना रक्कम१, रक्कम२, रक्कम३ म्हणणारा तर त्याहून मोठा गुन्हेगार! स्वयंपाकघरात मीठ आणि साखर यांच्या डब्यांवर वेगळी नावं हवीत, नाहीतर चहात मीठ पडेल. नियम सोपा आहे. नावं बदलली तर अर्थ बिघडतो अशा ठिकाणी नाव द्या. नावाच्या शेवटी आकडा लावावासा वाटला की थांबा आणि यादी करा. तो आकडाच तुम्हाला सांगत असतो की इथे यादी हवी.

आणि माणसाच्या नावाने शोधायचं असेल तर? तर कोश वापरा, स्वतःचा. पण तिथेही सांभाळून. आपल्या घरात दोन बाळा आहेत, आणि दोघेही हिस्सेदार. नाव हीच किल्ली केली तर दुसरा बाळा पहिल्या बाळाला पुसून टाकील आणि पुन्हा एक चिठ्ठी कमी जाईल. म्हणून किल्ली अनुक्रमांकाचीच ठेवावी, आणि नाव, हिस्सा, पत्ता हे सगळं एका माणसाचं एका ओळीत एकत्र असावं. नावांची यादी एकीकडे आणि रकमांची दुसरीकडे असंही करू नये. मी एकदा निकालाच्या वेळी नावं एका कागदावर आणि गुण दुसऱ्यावर लिहिले होते. मधलं एक नाव राहिलं आणि त्याच्या खालच्या सगळ्यांना शेजाऱ्याचे गुण मिळाले. निकाल लावायच्या आधी लक्षात आलं म्हणून बरं. ती रात्र अजून आठवते.

शेवटी मास्तर म्हणून एक गोष्ट बोलतो, कारण दोष पोरांचा कमी आणि शिकवणाऱ्यांचा जास्त आहे. पुस्तकात आधी व्हेरिएबल येतात, मग लूप, आणि अॅरे बऱ्याच उशिरा. मधल्या काळात मुलाला लूप येतं पण ठेवायला जागा माहीत नसते. साहजिकच ते विचारतं, सर, लूपमध्ये नवीन नावं कशी तयार करायची? ज्याला कोणाला विचारावं तो हुशारी दाखवत एक्झेकची युक्ती सांगून मोकळा होतो. विचारलं त्याचं उत्तर दिलं, पण मुलाला जे हवं होतं ते दिलं नाही. वर्गात एखादा मुलगा म्हणाला, सर, सात अठ्ठावीस वेळा मिळवून दमलो, लवकर मिळवायची काही युक्ती सांगा, तर मी त्याला भरभर मिळवायला शिकवीन की गुणाकार शिकवीन? नावं कशी पाडू हा प्रश्न आला की समजावं, या मुलाला यादी शिकवायची वेळ झाली. त्या घटकेला जो युक्ती सांगतो तो वाईट मास्तर, मग त्याला कितीही भाषा येवोत.

नातवाने अखेर प्रोग्रॅम बदलला. आधीचा पावणेदोनशे ओळींचा होता, आताचा चाळिसाच्या आत आहे. पायथॉनमध्ये देवनागरी नावं चालतात, त्यामुळे यादीचं नाव त्याने 'हिस्सेदार' ठेवलंय. प्रत्येक ओळीत एक माणूस, खाली बेरीज, आणि बेरीज निव्वळ रकमेशी जुळली नाही तर एकही चिठ्ठी जाणार नाही, ही अट मी घालून घेतली. भाचीचे आणि तिच्या बहिणीचे पाच-पाच हजार पोचले. नातू स्वतः जाऊन चिठ्ठ्या देऊन आला, चहा पिऊन आला. म्हणाला, आत्या काहीच बोलली नाही, फक्त चिठ्ठीवरचं नाव दोनदा वाचलं.

हिस्सेदार मंडळींनी आपापल्या चिठ्ठ्या पुन्हा बघाव्यात. आता प्रत्येक चिठ्ठीच्या खाली चौदाही नावं, प्रत्येकाची रक्कम आणि एकूण बेरीज छापलेली आहे. आपली रक्कम नंतर बघा, आधी बेरीज १,८०,००० येते का ते बघा. आणि आयटीवाल्यांनो, माझं काही चुकलं असेल तर खाली जरूर लिहा. फक्त 'काका, चालतं तसंही' असं लिहू नका. त्याचं उत्तर वर देऊन झालंय.